गिरणगावची चाल: रक्तपुरवठ्याअभावी दुखणारा पाय आणि देखरेखीच्या व्यायामाचा इतिहास

चालता चालता पोटरीत कळ येणे, ती वाढत जाऊन शेवटी थांबावेच लागणे, आणि दोन-चार मिनिटे नुसते उभे राहताच ती ओसरून पुन्हा तेवढेच अंतर चालता येणे, ही पायदुखीची एक स्वतंत्र जात आहे. गुडघेदुखी जिना चढता-उतरताना छळते, कमरेतील मज्जातंतू दबल्यामुळे येणारी कळ बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय सहसा थांबत नाही. रक्तपुरवठा अपुरा पडल्यामुळे दुखणारा पाय मात्र उभ्या उभ्या शांत होतो आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखू लागतो. 'पाय भरून येतात', 'पोटरीत गोळा येतो', 'पायात जीव राहत नाही' अशा शब्दांत माणसे हे दुखणे सांगतात, आणि बहुतेक वेळा ते वाताच्या किंवा वयाच्या खाती टाकून गप्प बसतात. वैद्यकशास्त्र त्याला 'इंटरमिटंट क्लॉडिकेशन' म्हणते. त्यातील दुसरा शब्द लंगडणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेला असल्यामुळे मराठीत 'सविराम लंगड' म्हणजे थांबून थांबून येणारे लंगडणे असे त्याला म्हणता येईल. मांडीतून पोटरीकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूस चरबी आणि चुन्याचे थर साचून त्या अरुंद होतात, स्वस्थ बसलेल्या स्नायूला लागणारे थोडे रक्त त्यातूनही पोहोचते, पण चालू लागलेल्या स्नायूची मागणी अनेक पटींनी वाढते तेव्हा ती भागत नाही, आणि प्राणवायूवाचून काम करणारा स्नायू कळवळतो.

या दुखण्यावर चालणे हाच मुख्य उपचारांपैकी एक आहे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला उफराटी वाटते. मात्र ते चालणे मोकळ्या सल्ल्याचे नसावे लागते; कोणी जाणकार शेजारी उभा राहून वेग ठरवतो, कळ कुठवर सोसायची ते सांगतो, विसावा देतो आणि पुन्हा चालायला लावतो, तेव्हा त्याचा गुण सर्वाधिक येतो. गिरगावपासून लालबाग, परळ आणि दादरपर्यंतच्या मुंबईचा या दृष्टीने इतिहास पाहिला, तर या उपचाराला लागणारे जवळजवळ सर्व घटक या काही मैलांच्या पट्ट्यात गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत निरनिराळ्या वेळी उभे राहिलेले दिसतात: चालणारी माणसे, त्यांचे पाय निकामी करणारी तंबाखू, व्यायाम शिकवणारे वस्ताद, आणि व्यायामाला उपचार म्हणून मान्यता देणारी रुग्णालये. हे घटक एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असूनही त्यांची गाठ फार उशिरा आणि फार थोडी पडली, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते बहुतांशी गिरणीत काम करणारे लोक होते.

या लक्षणाची पहिली नीट नोंद माणसात झाली नाही, ती घोड्यात झाली. १८३१ साली बूले या फ्रेंच पशुवैद्याने गाडी ओढणाऱ्या एका घोड्याचे वर्णन केले, जो थोडे धावल्यावर मागच्या पायांनी लंगडू लागे आणि थांबवला की पूर्ववत होई. त्याच्या धमन्या बंद झालेल्या आढळल्या. पुढे १८५८ साली शार्को या पॅरिसच्या वैद्याने माणसातील हेच लक्षण ठळकपणे मांडताना बूलेच्या घोड्याचा आधार घेतला. परळच्या इतिहासाशी या तपशिलाचा एक दुवा जुळतो, जो नुसत्या योगायोगापेक्षा काही अधिक सांगतो. मुंबईत १८७४ साली घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि १९०७ साली विजेच्या ट्राम येईपर्यंतच्या काळात शहराची मोठी वाहतूक घोड्यांच्या पायांवर चालत होती. दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय १८८० च्या दशकात उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. परळच्या गिरणी कामगारांना आपल्या वस्तीलगत मोठे सर्वसाधारण रुग्णालय मिळण्यासाठी त्यानंतर आणखी चार दशके, म्हणजे १९२६ पर्यंत, वाट पाहावी लागली. पेटिट यांच्या दातृत्वाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, परंतु घोड्याचा पाय आणि माणसाचा पाय यांच्या शुश्रूषेतील हे अंतर त्या काळातील शहराच्या अग्रक्रमांबद्दल पुरेसे बोलके आहे.

गिरण्यांच्या वस्तीतील माणसांचे पाय कोणते काम करत होते, हे पाहिल्याखेरीज या दुखण्याचा स्थानिक इतिहास कळत नाही. १८५० च्या दशकात ताडदेवला कावसजी दावर यांच्या पुढाकाराने कापडधंद्याचा आरंभ झाला आणि पुढील पन्नास वर्षांत चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, वरळी हा सारा भाग 'गिरणगाव' झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आलेले पुरुष गाळ्यांत दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि भोंगा वाजला की पायीच गिरणीच्या दरवाजाशी जात. कामाचे तास कायद्याने हळूहळूच उतरत गेले: १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी ते दिवसाला बारा केले, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नऊ. हे सर्व तास उभ्याने किंवा चालत काढायचे असत. साचेखात्यातला विणकर आपल्या मागांच्या मधल्या अरुंद वाटेत उभा असे, तर सूतकताईच्या खात्यात तुटलेले धागे जोडणारा कामगार यंत्राच्या लांबलचक रांगेसमोरून पाळीभर ये-जा करी. सुट्टीचा दिवस असा आरंभी नव्हताच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली ती १८९० साली.

इतके चालणाऱ्या माणसांना चालण्याने बऱ्या होणाऱ्या रोगाने का गाठावे, असा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे मोठे उत्तर विडीत आहे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली तंबाखू ही गिरणगावातील सर्वांत स्वस्त सोबत होती. कापसाच्या खात्यात ठिणगीला बंदी असल्यामुळे विडी दरवाजाबाहेर, चाळीच्या गॅलरीत, नाक्यावर आणि रात्रपाळीच्या आधी-नंतर ओढली जाई. तंबाखूच्या धुरातील निकोटिनामुळे रक्तवाहिन्या आकसतात, कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, आणि धमनीच्या आतील नाजूक अस्तर वर्षानुवर्षे दुखावले जाऊन त्यावर थर साचू लागतात. मुंबईतील सुमारे दीड लाख प्रौढांचा १९९० च्या दशकापासून पाठपुरावा करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही अधिक आढळले, त्यामुळे विडी म्हणजे साधी, देशी आणि निरुपद्रवी हा समज टिकण्याजोगा राहिला नाही.

विडीशी जोडलेला आणखी एक रोग येथे वेगळा काढून सांगायला हवा, कारण भारतातील शस्त्रक्रिया विभागांना तो पाश्चात्य देशांपेक्षा कितीतरी अधिक परिचित आहे. फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी १८७९ साली आणि लिओ बर्गर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये वर्णन केलेला हा 'बर्गरचा रोग' बहुधा पन्नाशीच्या आतल्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांना होतो. त्यात लहान आणि मध्यम धमन्यांना, तसेच शिरांनाही, सूज येऊन आत रक्ताच्या गुठळ्या होतात, तळपायात कळ येते, बोट थंड आणि निळसर पडते आणि पुढे काळे होऊन गळते. कमावत्या वयातील माणसाचे एक-एक बोट आणि अखेर पाऊलच जावे, असा हा रोग आहे. त्यावर तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच खरा इलाज आहे, आणि दिवसाला एखादी विडी उरली तरी रोग पुढे सरकत राहतो. वयस्कर माणसांत दिसणारा धमन्या कठीण होण्याचा विकार मात्र तंबाखूखेरीज मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांनीही वाढतो, आणि देखरेखीच्या चालण्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच दुसऱ्या विकाराबाबत आहे.

कायद्याच्या आणि संघटनांच्या दृष्टीला हा पाय सहसा दिसला नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा यंत्रात सापडलेल्या हाताचा आणि तुटलेल्या बोटाचा हिशेब करत होता, काही ठरावीक व्यवसायजन्य रोगांनाही त्यात स्थान होते, पण वीस-तीस वर्षांत हळूहळू बंद होत जाणाऱ्या धमनीला त्यात जागा नव्हती. १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विम्याची योजना आल्यावर विमाधारक कामगाराला दवाखान्याचे दार उघडले आणि परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे त्या योजनेचे एक मोठे केंद्र झाले. तरीही पाय भरून येतात एवढ्या तक्रारीवर पाळी चुकवणे परवडणारा कामगार विरळा होता. एका जागी उभा असताना न दुखणारा पाय हे आजाराचे लक्षण आहे, हे मुकादमाला पटवणे कठीण आणि स्वतःला पटवणे त्याहून कठीण. रुग्णालयात पोहोचेपर्यंत बोटाचा रंग बदललेला असे.

उपचारांची जुनी परंपरा या रोगात बहुतांशी विश्रांतीची होती. दुखणाऱ्या अवयवाला आराम द्यावा, हा नियम मोडलेल्या हाडाला लागू पडतो म्हणून तो अरुंद धमनीलाही लावला गेला. घरात तेल चोळणे, गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, चौपाटीवरच्या मालिशवाल्याकडून पाय रगडून घेणे हे नेहमीचे उपाय होते. त्यांतील शेकण्याचा उपाय रक्तपुरवठा कमी असलेल्या, आणि मधुमेहामुळे संवेदनाही गमावलेल्या पायाला धोक्याचा आहे, कारण भाजल्याचे कळत नाही आणि झालेली जखम भरून यायला लागणारे रक्त तेथे पोहोचत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रवैद्यांनी 'लंबर सिंपथेक्टमी', म्हणजे रक्तवाहिन्या आकसवणारे कमरेजवळचे मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, मोठ्या प्रमाणावर वापरली. तिने त्वचा उबदार होई आणि काही जखमा भरत, पण चालताना येणारी पोटरीची कळ तिने क्वचितच हटे. लिओ बर्गर यांनी सुचवलेला आणि पुढे आर्थर ॲलन यांनी सुधारलेला बिछान्यावरचा व्यायाम, ज्यात पाय काही मिनिटे वर धरायचा, मग खाटेच्या कडेवरून लोंबता सोडायचा आणि मग आडवा ठेवायचा, परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकला. तो सोपा आणि निरुपद्रवी असला तरी चालण्याची जागा त्याला घेता आली नाही.

चालण्याचा सल्ला देणाऱ्यांत जर्मन मज्जातंतुवैद्य विल्हेल्म एर्ब यांचे नाव सर्वांत आधीच्यांपैकी असून त्यांचा सल्ला १८९८ चा आहे. तो मागे पडला, आणि १९६६ साली लार्सन व लासन या डॅनिश संशोधकांनी अवघ्या चौदा रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक प्रयोगाने त्याला पुन्हा उजाळा मिळाला: निम्म्यांनी रोज ठरवून चालण्याचा सराव केला, निम्म्यांना केवळ गोळ्या दिल्या, आणि चालणाऱ्यांचे अंतर स्पष्टपणे वाढले. यामागचे कारण बराच काळ 'नव्या वाटा फुटतात' असे सांगितले जाई, म्हणजे मुख्य धमनी बंद झाली की आजूबाजूच्या लहान धमन्या रुंद होऊन रक्त पोहोचवतात. त्यात तथ्य असले तरी तेवढ्याने सर्व सुधारणा उलगडत नाही. नियमित व्यायामाने धमनीचे अस्तर अधिक चांगले प्रसरण पावू लागते, स्नायूतील केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया अधिक काटकसरीने काम करतात, आणि चाल सुधारल्यामुळे तेवढ्याच अंतराला कमी शक्ती लागते. म्हणजे पाण्याचा नळ तेवढाच राहून घरातला वापर शहाणपणाचा होतो, तसे काहीसे स्नायूत घडते. घोटा आणि दंड यांतील रक्तदाबाचे गुणोत्तर, जे एरवी ०.९ पेक्षा कमी आले की हा विकार ठरवला जातो, ते व्यायामानंतरही अनेकदा फारसे बदलत नाही, पण माणूस दुप्पट चालतो.

मुंबईकडे पुन्हा वळले तर असे दिसते की 'देखरेखीचा व्यायाम' ही कल्पना या शहराला परकी नव्हतीच. गिरगाव, लालबाग आणि परळच्या तालमींत वस्तादाच्या नजरेखालीच जोर-बैठका होत. नवख्याला पहिल्या दिवशी किती काढायच्या, कधी थांबायचे, कधी वाढवायचे हे वस्ताद ठरवी, आणि अंग दुखले म्हणून दुसऱ्या दिवशी न येणाऱ्याच्या घरी तो निरोपही पाठवी. दादरला १९२५ साली स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर ही या परंपरेची नामवंत संस्था होय, आणि तिच्या शेजारचे शिवाजी पार्कचे मैदानही त्याच साली लोकांसाठी खुले झाले. या संस्थेत पद्मश्री उदय देशपांडे यांनी अंध विद्यार्थ्यांनाही मल्लखांब शिकवला, ही घटना येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. कारण शरीराने धडधाकट नसलेल्या माणसालाही शिक्षकाच्या हाताखाली व्यायाम करता येतो, हे त्यातून डोळ्यांसमोर सिद्ध झाले. मात्र तालमीचा आदर्श तरुण, निरोगी, कमावलेले शरीर हाच राहिला, आणि पंचावन्न वर्षांचा लंगडत चालणारा साचेवाला त्या हौद्याच्या कडेलाही दिसत नव्हता.

व्यायामाला रुग्णाच्या उपचाराचे रूप देण्याचा पहिला मोठा स्थानिक प्रयत्न योगाच्या क्षेत्रात झाला. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजण्याचा आग्रह धरला. १९३६ साली गिरगाव चौपाटीलगत ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र उभे राहिले, जेथे रोग घेऊन येणाऱ्या माणसाला तपासून, शिक्षकाच्या देखरेखीखाली, त्याच्या प्रकृतीला झेपेल असा व्यायामक्रम दिला जाई. या वाटेवरचा पुढचा टप्पा परळला घडला. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत कैवल्यधामच्या परंपरेतील डॉ. विनेकरही होते, उच्च रक्तदाबाच्या सत्तेचाळीस रुग्णांना शवासन शिकवून त्याचा परिणाम १९६९ साली प्रसिद्ध केला, आणि ज्या नियतकालिकात तो छापला गेला त्याचे नावच 'अँजिऑलॉजी', म्हणजे रक्तवाहिन्यांचे शास्त्र, असे होते. व्यायाम, रक्तवाहिन्या आणि परळ ही तिन्ही नावे एका निबंधात आली. फक्त तो पायाच्या धमन्यांविषयी नव्हता.

केईएम रुग्णालयाचा उल्लेख येथे ओझरता करून चालणार नाही. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीच्या विश्वस्तांनी घातलेली अट अशी होती की त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक सरकारी सेवेत नसलेले, पात्र भारतीय असावेत. १९२६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाचे आणि महापालिकेच्या रुग्णालयाचे सुरुवातीचे नेतृत्व डॉ. जीवराज मेहता यांनी केले. या रुग्णालयात १९५० साली भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा निघाली आणि त्यामागे एक विलक्षण स्त्री होती. एलिझाबेथ लंडी या अमेरिकन तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर हे नाव आणि हा देश दोन्ही स्वीकारले, मध्यमवयात अमेरिकेला परतून व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले, आणि ते ज्ञान परळला आणले. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचे नाव आज शिक्षणक्षेत्रात अधिक ओळखीचे आहे, पण रुग्णसेवेतील त्यांचे काम त्याहून लहान नव्हते. व्यवसायोपचार म्हणजे नित्याच्या किंवा हस्तकौशल्याच्या कामातून दुर्बळ अवयवाला पुन्हा कामाला लावणे, आणि जगभर त्या शास्त्राची आवडती साधने हातमाग आणि पायाने चालवायची यंत्रे ही होती. गिरण्यांच्या ऐन मध्यावर, मागाने थकलेल्या माणसांच्या वस्तीत, मागाला औषध मानणारी शाळा उभी राहावी यात एक खोल संगती आहे. त्याच दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने केईएममध्येच भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, देशातील पहिली शाळा निघाली आणि १९५५ साली हाजीअलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली.

या संस्थांचे लक्ष स्वाभाविकपणे पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांकडे, अपघातात हातपाय गमावलेल्यांकडे आणि अर्धांगवायूच्या रुग्णांकडे गेले. पाय कापल्यानंतर जयपूर पाय बसवून चालायला शिकवणारा भौतिकोपचारतज्ज्ञ तेथे होता, परंतु पाय कापावा लागू नये म्हणून दहा वर्षे आधी त्याच माणसाला चालवणारा वर्ग नव्हता, किंवा असला तरी तुरळक होता. रुग्ण प्रथम शस्त्रक्रिया विभागात जाई, तेथे नाडी तपासली जाई, 'विडी सोडा आणि चालत जा' असे सांगितले जाई, आणि तो सल्ला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत कागदाच्या एका ओळीत संपे. चालल्यावर ज्याचा पाय दुखतो त्याला चाल म्हणून सांगणे आणि सोबत कोणी न देणे, हा सल्ला माणसाला घाबरवणाराच ठरतो, कारण कळ म्हणजे इजा असा त्याचा जन्मभराचा अनुभव असतो.

सोबतीने नेमके काय बदलते, हे एका सत्राकडे जवळून पाहिले की कळते. प्रथम वैद्य पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या रेषेत दोन बोटे टेकवून नाडी शोधतो, मग घोट्यामागची. हृदयाची तपासणी होते, आणि पायाला जखम असल्यास, बोट काळे पडले असल्यास किंवा रात्री झोपेतही पाय दुखत असल्यास व्यायाम बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने रक्तवाहिन्यांच्या शस्त्रवैद्याकडे पाठवले जाते. बाकीच्यांना चालण्याच्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, किंवा मोजलेल्या मोकळ्या वाटेवर असा वेग दिला जातो की तीन ते पाच मिनिटांत कळ सुरू व्हावी. कळ मध्यम झाली, म्हणजे सोसवते पण दुर्लक्ष करता येत नाही इतकी झाली, की थांबायचे. ती पूर्ण गेली की पुन्हा निघायचे. पहिल्या आठवड्यात हे चालणे-थांबणे अर्धा तास चालते, पुढे तासाभरावर जाते, आठवड्यातून तीन वेळा, किमान बारा आठवडे. रुग्ण कळ येण्याआधीच भीतीने थांबू लागला तर शेजारी उभा असलेला तज्ज्ञ 'अजून दहा पावले' म्हणतो, आणि कोणी हट्टाने कळ सोसत राहिला तर त्याला थांबवतोही. वस्तादाने जे तालमीत केले तेच येथे घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि नोंदवही घेऊन केले जाते.

या सोबतीचे मोल आकड्यांतही मोजले गेले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'क्लेव्हर' या प्रयोगात कमरेकडील धमनी अरुंद असलेल्या रुग्णांना तीन वेगवेगळे उपचार दिले, तेव्हा सहा महिन्यांनी पट्ट्यावर चालण्याचा काळ सर्वाधिक वाढला तो देखरेखीचा व्यायाम केलेल्यांचा, धमनीत जाळीची नळी बसवलेल्यांपेक्षाही अधिक. जीवनमानाच्या काही निकषांवर मात्र नळी बसवलेले पुढे होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने आठवड्यातून दोन तास, तीन महिने असा देखरेखीचा व्यायाम हा पहिला उपचार म्हणून सुचवला, आणि २०१७ साली अमेरिकेच्या वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने बारा आठवड्यांतील ३६ सत्रांचा खर्च देण्याचे मान्य केले. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात देखरेखीखाली चालणाऱ्यांचे कमाल अंतर घरी आखून दिलेल्या कार्यक्रमापेक्षा सुमारे १२० मीटरने आणि केवळ सल्ला मिळालेल्यांपेक्षा सुमारे २१० मीटरने अधिक वाढलेले आढळले.

दरम्यान गिरणगाव बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. संपाचा आर्थिक आणि सांस्कृतिक इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याचा एक शारीरिक परिणाम क्वचितच नोंदला जातो, तो असा की एका पिढीचे रोजचे सक्तीचे चालणे एकदम थांबले आणि विडी मात्र राहिली. ट्राम तर १९६४ सालीच थांबल्या होत्या. गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर आले, चाळीचा जिना जाऊन उद्वाहन आले, पदपथ गाड्यांनी आणि खोदकामाने अडले, अनेक कुटुंबे कल्याण-विरारकडे गेली, आणि उरलेल्यांच्या घरात मधुमेह आला. आज परळच्या रुग्णालयात येणाऱ्या निवृत्त कामगाराला आठवड्यातून तीन वेळा येऊन-जाऊन बारा आठवडे पुरे करणे म्हणजे लोकलच्या गर्दीतून केलेले छत्तीस प्रवास होत, आणि त्याचा मुलगा किंवा सून कामाची सुट्टी टाकल्याशिवाय सोबत येऊ शकत नाही. त्यामुळे हा उपचार केवळ रुग्णालयाच्या इमारतीत ठेवला तर तो ज्याला सर्वांत अधिक हवा त्यालाच मिळणार नाही. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत आणि गणेशोत्सव मंडळांच्या सभागृहांत दुपारी मोकळी जागा असते, शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरची सपाट वाट आहेच, आणि भौतिकोपचाराचे विद्यार्थी याच भागात शिकतात; या तिन्हींना जोडणारा, तपासणी रुग्णालयात आणि चालणे वस्तीत असा क्रम गिरणगावाच्या स्वभावाला अधिक जुळणारा ठरेल.

तसा क्रम आखताना अंतराची भाषाही वस्तीचीच ठेवावी लागेल. लालबागचा माणूस आपले दुखणे मीटरमध्ये सांगत नाही. भारतमाता सिनेमापासून निघाल्यावर बाजाराच्या तोंडाशी थांबावे लागते, केईएमच्या फाटकापर्यंत दोनदा उभे राहावे लागते, परळ स्टेशनचा पूल एका दमात होत नाही, असे तो सांगतो. नोंदवहीत पहिल्या आठवड्यात बाजाराचे तोंड, सहाव्या आठवड्यात फाटकाआधी एकच थांबा आणि बाराव्या आठवड्यात पुलाची शेवटची पायरी अशी नोंद झाली, तर ती वाचायला त्याला कोणाचीही मदत लागणार नाही.